सतरा नंबरची खाट

दाखव बघू तो फोटो परत. हां. विटांची भिंत, लोखंडी जिना, वर लाकडी तुळया. छान आहे रे. लग्नाच्या वाढदिवसाला बायकोला घेऊन जातोयस, मग छान असायलाच हवं. आमच्या घराचं प्लास्टर पडलं की तुझी काकू गवंडी बोलावते. या लोकांनी प्लास्टर पाडायला गवंडी बोलावले, आणि वर पाहुण्यांना सांगतात, विटा बघा, मूळच्या आहेत! नाही गं सूनबाई, चेष्टा करत नाहीये. जा की दोघं. फक्त खोली आधी बघून घ्या. भिंतीवर जुना आकडा रंगवलेला असला आणि त्याच्याखाली दोन खुंट्या असल्या, तर दुसरी खोली मागा.

का म्हणजे? आता रात्रीचं कशाला ते. दिवसभर गाडीखाली झोपून पाठीचा पार भुगा झालाय माझा. सकाळी सांगेन.

बरं बाबा, बरं. तो दिवा तेवढा बारीक कर, डोळ्यांवर येतो. आणि मधे मधे प्रश्न विचारायचे नाहीत. हल्ली माझा धागा एकदा तुटला की सापडत नाही.

आमच्या मास्तरला तुम्ही ओळखता. त्याच्याच हाताखाली गाडी शिकलात दोघं. ड्रायव्हिंग स्कूल त्याचं आणि माझं भागीदारीत. तो शिकवणार, आणि शिकणारे गिअरची जी वाट लावतात ती मी निस्तरणार. आणि मैदानात लाल शंकू लावणारा बारक्या, तोही माहीत आहे. सूनबाई, तू शंकू पाडत सुटली होतीस आणि तो न कंटाळता परत उभे करत होता, तोच. बारक्या मास्तरचा सख्खा धाकटा भाऊ. वयानं चाळिशी ओलांडलीय, मनानं दहा-अकरा वर्षांचा आहे. चार वर्षांपूर्वीपर्यंत तो आपल्याकडे नव्हता. दुसऱ्या शहरात वडिलांजवळ राहायचा.

त्या वडिलांना आम्ही सगळेच अप्पा म्हणायचो. बायको लवकर गेली, तेव्हापासून अप्पांनी एकट्यानं बारक्याला सांभाळलं. स्वयंपाक, आंघोळ, बटणं लावणं, रात्री अंधाराला घाबरला की शेजारी जाऊन बसणं. मास्तरनं कितीदा म्हटलं, या आमच्याकडे. म्हातारा हटवादी. म्हणायचा, तुझा संसार तुला, माझं चाललंय. मग फेब्रुवारीत अप्पांच्या छातीत पाणी झालं आणि त्यांना इस्पितळात टाकलं. मास्तर हातातली सगळी कामं टाकून धावला.

तीन रात्री तो पलंगाशेजारच्या स्टुलावर बसून होता. पाठ टेकायला भिंतसुद्धा नाही. चौथा दिवस मंगळवार, महिन्यातला दुसरा. मला पक्का आठवतो, कारण बुधवारी आपल्या दोन गाड्यांचं पासिंग होतं आणि ते सोडून मला निघावं लागलं. तर मंगळवारी दुपारी मास्तर औषधं घेऊन जिना चढता चढता उभ्या उभ्या झोपला. कठड्यावर डोकं आपटलं. सिस्टरनं बघितलं आणि फैलावर घेतलं त्याला. म्हणाली, "आज रात्री तुम्ही इथं दिसलात तर तुम्हालाच भरती करून घेईन. जा, कुठंतरी खोली घ्या आणि झोपा."

"आणि अप्पांजवळ कोण?"

"मी बसतो दादा," बारक्या म्हणाला.

आता बारक्याला कमी समजू नका हं. त्याला एक काम नीट समजावून द्या, तुम्ही-आम्ही करणार नाही इतकं चोख करतो. सिस्टरनं त्याला सांगितलं होतं, नळीत थेंब पडतोय का बघायचं, थांबला की मला हाक मारायची. हा पठ्ठ्या पापणी न लववता थेंब बघत बसायचा. मास्तरच्या जिवाला काही ते पटत नव्हतं, पण अंगात उभं राहायचं त्राण नव्हतं. बॅग उचलली आणि खोली शोधायला बाहेर पडला.

आसपासचे सगळे लॉज भरलेले. कसलीशी मोठी परीक्षा होती, पोरं आणि त्यांचे आईबाप गच्च भरले होते. शेवटी इस्पितळाच्या मागच्या गल्लीत हे हॉटेल सापडलं. तीन जुन्या इमारती आतून भिंती फोडून एक केलेल्या. तिन्हींच्या जमिनी एका पातळीत नाहीत, त्यामुळं वऱ्हांडा मधेच चढतो, मधेच उतरतो. काउंटरवरचा पोरगा भलता उत्साही. मास्तरला धड डोळे उघडे ठेवता येत नाहीत आणि हा पाठ केलेलं भाषण म्हणतोय. "सर, ही खास वारसा खोली आहे. टीव्ही नाही, कारण आम्हाला जुनं वातावरण जपायचंय. भिंती मूळच्या, खुंट्या मूळच्या. पूर्वी इथं कामगार झोपायचे, सर! वऱ्हांड्यातले दिवे मात्र नवीन हं. कुणी चाललं की पुढचा आपोआप लागतो, मागचा विझतो."

"गादी आहे ना?" मास्तरनं विचारलं.

"आहे की सर."

"मग झालं."

खोली उंच, अरुंद. एकच खिडकी, तिच्याजवळ पलंग. डोक्याच्या बाजूला विटांवर काळ्या रंगात जुना आकडा, सतरा. पुसट झालेला, पण वरून चकचकीत वॉर्निश मारलेलं. आणि आकड्याखाली शेजारी शेजारी दोन लोखंडी खुंट्या. मास्तरनं बॅग ठेवली, चादर बघितली. तिथंच आडवं व्हावं असं फार वाटलं त्याला, पण अप्पांना न सांगता झोपायचं म्हणजे... म्हणून परत इस्पितळात गेला.

आता हे नीट ऐका. पुढचं सगळं याच्यावरच आहे.

अप्पा जागे होते. आवाज खोल गेलेला. म्हणाले, "कुठं उतरलास?"

मास्तरनं आपलं बोलायचं म्हणून सांगितलं. मागच्या गल्लीत, जुन्या इमारतीत. भिंतीवर आकडे आहेत, आकड्याखाली दोन दोन खुंट्या.

अप्पांनी मान वळवली. तीन दिवसांत पहिल्यांदाच. "तुझा आकडा?"

"सतरा."

"खिडकीजवळची?"

"हो."

अप्पा हसले. हसताना खोकला आला, सिस्टर धावत आली, पाणी दिलं. मग म्हणाले, "माझी खाट आहे ती."

मास्तरला एवढंच माहीत होतं, की लग्नाआधी अप्पा या शहरात काचेच्या कारखान्यात भट्टीवर होते. उजव्या हाताचा अंगठा तिथंच भाजलेला. नख कायमचं गेलेलं, टोक गुळगुळीत, गोटीसारखं. बारक्या लहानपणी तो अंगठा हातात धरूनच झोपायचा. इस्पितळात बोटाला लावायचा तो चिमटाही सिस्टर नेमका उजव्या अंगठ्याला लावायला गेली आणि तो सारखा निसटायला लागला, मग डाव्या हाताला लावला. पण अप्पा तेव्हा राहायचे कुठं, कसे, हे कधी कुणी विचारलं नव्हतं. आपण कुठं विचारतो रे आपल्या बापाला असलं काही?

अप्पा त्या संध्याकाळी बोलले. थांबत थांबत, दम खात. काचेची भट्टी विझू द्यायची नसते म्हणाले. विझली की आतली काच थिजून दगड होते, मग भट्टीच फोडावी लागते. म्हणून रात्रंदिवस माणूस पाहिजे. खाट एक आणि माणसं दोन. एक भट्टीवर, एक खाटेवर. खुंट्या दोन, एकाचा सदरा इकडे, दुसऱ्याचा तिकडे. पाळी संपली की आपण यायचं आणि जोडीदाराला उठवायचं. तो भट्टीवर जाणार, आपण त्याच्या जागेवर आडवं व्हायचं.

"गादी गरमच मिळायची," अप्पा म्हणाले. "थंड गादीवर कधी झोपलोच नाही."

आणि उठवायची रीत सांगितली. हाक मारायची नाही, कारण शेजारी बाकीचे झोपलेले. पायाचा अंगठा धरायचा. नुसता धरून उभं राहायचं. तो "उठलो" म्हणाला, की आपण सुटलो. "हो" म्हणाला तर चालत नाही. "आलो" म्हणाला तरी नाही. माणूस झोपेतसुद्धा हो म्हणतो आणि कूस बदलतो. "उठलो"च म्हणायला हवं.

"आणि नाहीच म्हणाला तर?" मास्तरनं विचारलं.

"मग पाळी आपलीच," अप्पा म्हणाले. "कितीही दमलेलो असलो तरी."

अप्पांची नजर स्टुलावर बसलेल्या बारक्याकडे होती. बारक्या थेंब बघत होता.

"माझी बदली कुठाय रे?" अप्पांनी विचारलं.

हे ते दोन दिवस सारखं विचारत होते. बदली आली का? बदली कुठाय? सिस्टरला वाटायचं, तापात बरळतायत. मास्तरलाही तसंच वाटत होतं. पण त्या संध्याकाळी त्याला कळलं, बदली म्हणजे बारक्याला सांभाळायची पुढची पाळी घेणारा. बघा, त्यानं नंतर मला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. अप्पा थकत चालले तसं त्यानं एक संस्था बघून ठेवली होती. अशा माणसांना सांभाळणारी. चांगली होती, स्वच्छ होती, बाग होती. बारक्यासाठी जागा ठेवा, असं सांगून आला होता. वहिनी म्हणाल्या होत्या, "घरी आणा, माझं काही म्हणणं नाही." पण मास्तर थकला होता. दोन मुलींची शिक्षणं, दिवसभर लोकांची ओरडाओरड, गुडघे. अजून एक माणूस जन्मभर सांभाळायची त्याची हिंमत होत नव्हती. त्यात वाईट काय आहे? मी तर म्हणतो, काहीच नाही. पण अप्पांच्या तोंडावर ते सांगवेना, आणि खोटंही बोलवेना.

"झोपा आता अप्पा," एवढंच म्हणाला आणि निघाला.

हॉटेलात आला. सदरा खुंटीला लावला. आडवा झाला. दिवा विझवल्याचंही त्याला आठवत नाही, इतकी गाढ झोप लागली.

सूनबाई, शाल घे गं ती. गार पडलंय.

जाग आली ती कशानं, ते त्याला सांगता येत नाही. आवाज नव्हता. खोलीत एसीची बारीक घरघर आणि मिट्ट काळोख. मोबाइल उशाशी होता, बघितला. तीन वाजायला आले होते. परत डोळे मिटणार, तेवढ्यात दाराखालच्या फटीत उजेड दिसला.

लांबचा. वऱ्हांड्याच्या त्या टोकाचा.

मग तो विझला आणि जरा जवळचा लागला.

कुणीतरी येतंय. असेल कुणी पाहुणा. मास्तर पडल्या पडल्या बघत राहिला. एक दिवा विझतोय, पुढचा लागतोय. पण फार सावकाश. चार पावलं टाकायची, थांबायचं, मग परत चालायचं, असं कुणीतरी चालत होतं. दमून आलेला माणूस जिना चढून चालतो, तसं. मधे तो चढ आहे ना वऱ्हांड्याला, तिथं बराच वेळ उजेड एकाच जागी राहिला.

मग दारासमोरचा दिवा लागला. फट लख्ख उजळली.

फटीत सावली नव्हती. पायांची... काहीच नाही.

मास्तर वाट बघत होता. दार उघडायचं तर कार्ड लावावं लागतं, टुक करून वाजतं. वाजलं नाही. बाहेरचा दिवा विझला. झालं, गेला वाटतं पुढं. पण पुढचा दिवा लागला नाही.

आणि डोक्यामागं खुंटीवर काहीतरी लटकवल्याचा आवाज आला.

कापडाचा. जाड, जड कापडाचा. त्याचा स्वतःचा सदरा उजव्या खुंटीला होता. आवाज डाव्या बाजूला झाला.

त्याला हलता येईना. पायाशी कुणीतरी उभं होतं. दिसत नव्हतं. पण श्वास ऐकू येत होता. लांब आत घ्यायचा... थांबायचं... सोडायचा.

पांघरुणाखालून पाय बाहेर आला होता. डावा.

अंगठा धरला.

गरम हात. खरखरीत. भट्टीसमोरून उठून आलेला हात असतो तसा गरम. संध्याकाळी इस्पितळात त्यानं अप्पांचा हात हातात घेतला होता, तो बर्फासारखा गार होता. म्हणून आधी त्याला वाटलं, नाही, हे कुणीतरी दुसरंच आहे. आणि मग त्याला ते लागलं. बाकी सगळा हात खरखरीत. आणि एक टोक गुळगुळीत. नख नसलेलं.

मास्तर म्हणाला, "हो..."

पकड तशीच.

"आलो."

तशीच.

जोर नव्हता हो त्या हाताला. आवळत नव्हता, ओढत नव्हता. नुसता धरून उभा. मास्तरला कळत होतं काय म्हणायचंय ते. एक शब्द. आणि तो म्हटला की काय होणार, तेही कळत होतं. दोन्ही. अप्पा सुटणार, आणि बारक्याची पाळी आपली. संस्थेतली ती बाग त्याच्या डोळ्यांसमोर आली. स्वच्छ खोल्या. रांगेतले पलंग. रात्री दिवे घालवणारा कुणीतरी परका माणूस...

श्वास चालूच होता. आत... थांबायचं... बाहेर.

शेवटी मास्तर काय म्हणाला माहितीये? म्हणाला, "अप्पा, मी पण दमलोय हो."

अंगठा धरलेलाच.

किती वेळ गेला, देव जाणे. पण त्या वेळात मास्तरची भीती उतरली, असं तो सांगतो. उतरली म्हणजे गेली नाही. पण तिच्याही खाली दुसरं काहीतरी लागलं त्याला. हा माणूस किती दमलाय. किती वर्षं उभा आहे. आणि अजूनही हाक मारत नाहीये, कारण शेजारची माणसं उठतील. आपण पडून आहोत, आणि तो उभा आहे. मास्तरला रडूच आलं.

"उठलो," तो म्हणाला. "उठलो अप्पा."

पकड सुटली.

तो उठला. दिवा लावला नाही. चाचपडत मोबाइल खिशात टाकला, आपला सदरा काढून घेतला, चपला पायात सरकवल्या. मागं पलंग करकरला. आधी कुणी बसल्यासारखा. मग... आडवं झाल्यासारखा. एक मोठा श्वास सुटला. त्याच्यानंतर दुसरा ऐकू आला नाही.

मास्तरनं मागं वळून बघितलं नाही. दार ओढलं आणि वऱ्हांड्यात आला. त्याच्या पुढं एकेक दिवा लागत गेला. मागचे विझत गेले. जिन्यापाशी पोचला आणि खिशातला फोन वाजला.

बारक्या.

"दादा, मी डोळा मिटला नाही हं," तो आधी हेच म्हणाला. "थेंब पण पडतोय. पण अप्पा उठत नाहीत."

मास्तर कठड्याला धरून उभा राहिला.

"दादा, अप्पा आत्ता मोठ्यानं म्हणाले, आली बदली. मग हसले. मग झोपले. सिस्टरला बोलावू?"

"बोलाव," मास्तर म्हणाला. "आणि तू स्टुलावरच बस. घाबरू नकोस. मी येतोय. उठलोय मी."

मला त्यानं तिथूनच फोन केला. मी गाडी काढली आणि उजाडायच्या आत निघालो. पोचलो तोवर दुपार टळत आली होती. अप्पांचं सगळं आटोपलं होतं. मास्तरचे डोळे सुजलेले, आवाज बसलेला. बारक्या त्याची बाही धरून उभा. मी म्हटलं, चला घरी. मास्तर म्हणाला, हॉटेलात बॅग राहिलीय, तेवढी घेऊ. आणि चालता चालता त्यानं मला हे रात्रीचं सगळं सांगितलं. खरं सांगू? मला वाटलं, जागरणानं पोरगं भ्रमलंय. चार दिवस झोप नाही, बाप गेलाय, होतं असं. मी मान डोलावत राहिलो.

काउंटरवरचा पोरगा तोच. म्हणाला, "सर, तुम्ही रात्रीच बाहेर पडलात ना? मी बघितलं. सकाळपासून खोली बंदच आहे, कुणी गेलं नाही. आत्ता बाई साफ करायला गेल्यात."

आम्ही वर गेलो. तो चढउताराचा वऱ्हांडा, ते दिवे, सगळं त्यानं सांगितलं तसंच. बारक्याला दिव्यांची गंमत वाटली, तो दोनदा मागं जाऊन परत आला. मग मास्तरजवळ येऊन म्हणाला, "दादा, आता मी कुठं जायचं?"

"घरी."

"कुणाच्या?"

मास्तरनं त्याचा हात धरला. मग म्हणाला, "आपल्या. माझ्या खोलीशेजारची खोली तुझी. रात्री दिवा चालू ठेवू."

"बरं," बारक्या म्हणाला, आणि बॅग घ्यायला पुढं झाला.

दार उघडं होतं. साफसफाईची बाई आत उभी होती, हातात घड्या घातलेली चादर. आम्हाला बघून जरा दचकलीच. एसी चालूच राहिलेला, खोली गारठलेली. डावी खुंटी रिकामी होती. मी मुद्दाम बघितली. उजवीही.

"साहेब, एक विचारू?" बाई म्हणाली. "खालून सांगतात तुम्ही रात्रीच गेलात. मग आत्ता, मी यायच्या आधी, इथून कोण उठून गेलं?"

"का हो?" मी म्हटलं.

"जुनी चादर ओढली तर खाली गादीत हा खड्डा. मी दोनदा थोपटून सारखी केली. भरतच नाही. आणि हात लावून बघा ना तुम्हीच."

मास्तर हलला नाही. मग मीच पुढं झालो. मी गाड्या दुरुस्त करणारा माणूस आहे, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. पलंगाच्या खिडकीकडच्या बाजूला माणूस कुशीवर झोपल्यावर पडतो तसा लांबट खोलगा होता. खांदा, कंबर, गुडघे, नीट ओळखू येत होते. मी तळहात टेकवला.

भोवतालची गादी एसीनं गार पडली होती. खोलग्यातली गरम होती. आत्ता उठला असावा कुणी, इतकी... किंवा उठलाच नसावा.

मी हात काढून घेतला. बाईंच्या हातातली चादर मास्तरनं घेतली, उलगडली आणि हलकेच त्या खोलग्यावर पसरली. खिडकीचा पडदा ओढला.

"आज राहू द्या बाई," तो हळू आवाजात म्हणाला. "रात्रपाळी करून आलेत."

आम्ही आवाज न करता बाहेर आलो. दार लावायच्या आधी मी एकदाच मागं बघितलं. पसरलेली चादर सपाट पडलेली नव्हती.